पाचारण ऐकू आले, पण घर कोण बघणार?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. वय ४२. एका धर्मादाय रुग्णालयात त्या १६ वर्षांपासून परिचारिका आहेत. पती एस.टी.च्या आगारात मेकॅनिक, मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, आणि सासूबाई पक्षाघातामुळे दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेल्या. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेच्या सभा झाल्या. शेवटच्या रात्री बाहेरगावच्या वक्त्यांनी, देव ज्यांना पूर्णवेळ सेवेसाठी बोलावत आहे त्यांनी पुढे यावे, असे आवाहन केले तेव्हा त्या रडतरडत पुढे गेल्या. तेव्हापासून त्या वक्त्यांच्या सेवासंस्थेतून फोन येत आहेत: राजीनामा द्या, जूनपासून गावोगावच्या सेवेला लागा, आढेवेढे घेणे म्हणजे बायबलमधल्या योनासारखे देवाची आज्ञा टाळून पळणे. पतींना हे सारे दुसऱ्याच्या तोंडून कळले. ते दुखावले आहेत आणि ‘घर कोण बघणार?’ एवढेच विचारतात. प्रार्थनेला बसले की अपराधी वाटते, असे पत्रलेखिका म्हणतात, आणि शेवटी विचारतात, ‘मी देवाला नाही म्हणते आहे का? की भाकऱ्या थापण्यात आणि ड्यूट्या करण्यातच माझे आयुष्य जायचे आहे?’

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्या रात्रीच्या तुमच्या अश्रूंविषयी मला शंका नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांचे सगळे करत आलेल्या बाईला ‘देव तुला नावाने हाक मारतो आहे’ असे कुणी सांगितले आणि तिचे मन भरून आले, तर ते खोटे कसे असेल? त्या हाकेला तुम्ही मनापासून ‘ओ’ दिली हे चांगलेच झाले. मला अडते ते पुढे. तुमच्या पत्रात काय काय सोडायचे याची यादी आहे: नोकरी, घर, सासूबाई, मुलांचा अभ्यास. करायचे काय, हे मात्र कुठेच नाही. ‘पूर्णवेळ सेवा’ हा शब्द सहा वेळा येतो, पण ती सेवा कुणाची, कशा प्रकारची, कोणत्या दुःखावरची, हे तुम्हाला कुणी सांगितलेले नाही आणि तुम्हीही विचारलेले नाही.

अपवाद एका ओळीचा. पत्राच्या मध्यावर तुम्ही सहज लिहून गेला आहात की रात्रपाळीला बाळंतिणींच्या वॉर्डात मुलगी झाली म्हणून रडणाऱ्या बायका तुमचा हात सोडत नाहीत, तुम्हाला त्यांच्याशी काय बोलावे ते सुचत नाही आणि तेवढा वेळही नसतो. सगळ्या पत्रात एवढीच ओळ अशी आहे की जिच्यात तुम्ही स्वतःविषयी न बोलता दुसऱ्या कुणाकडे पाहता आहात. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी बायबलमधली शमुवेलाची गोष्ट आठवा, कारण पाचारणाच्या प्रत्येक सभेत ती सांगितली जाते आणि तिच्यातला एक भाग नेहमी गाळला जातो. मुलाला हाक ऐकू येते, पण ती कुणाची हे त्याला कळत नाही. तीन वेळा तो एली या याजकाकडे धावतो. म्हाताऱ्या एलीच्या लक्षात येते की परमेश्वर मुलाला हाक मारतो आहे, आणि तो त्याला परत निजायला पाठवून एवढेच शिकवतो की पुन्हा हाक आली तर म्हण, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’. देव काय सांगणार आहे याविषयी एली एक अक्षरही बोलत नाही. निरोप देवाचा होता आणि तो शमुवेलानेच ऐकायचा होता. तुमच्या बाबतीत मात्र हाक कुणाची हेही दुसऱ्यांनी ठरवले, निरोप काय तेही त्यांनीच ठरवले आणि रुजू होण्याचा महिनाही सांगून टाकला. ती माणसे वाईट हेतूची आहेत असे मी म्हणत नाही. कदाचित ती मनापासून कळकळीची असतील. पण दुसऱ्याच्या पाचारणातला मजकूर आपण सांगायचा नसतो, एवढे भान त्यांनी राखायला हवे होते.

योनाचा दाखलाही तुम्हाला लागू पडत नाही. योनाला शहराचे नाव सांगितलेले होते आणि काम सांगितलेले होते. निनवेला जायचे हे पक्के ठाऊक असताना तो उलट दिशेच्या जहाजात बसला. ज्या बाईला अजून निनवे कोणते तेच कळलेले नाही, ती पळून जाणार तरी कुठून? तुम्ही पळत नाही आहात, तुम्ही विचारत आहात. पवित्र शास्त्रात विचारणाऱ्यांना पळपुटे म्हटलेले नाही. गिदोनाने तर एकदा विचारून भागले नाही म्हणून लोकर खळ्यात ठेवून दोनदा खूण मागितली, आणि देव त्याच्यावर रागावला नाही.

फोनवर तुम्हाला दुसरे वचन सुनावले गेले ते नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचे: असा माणूस देवाच्या राज्याला योग्य नाही. ते वचन खरे आहे आणि कठीण आहे. ते मऊ करून सांगण्याची माझी इच्छा नाही. पण ज्या येशूने ते उच्चारले त्यानेच शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, याच गोष्टीवरून फटकारले होते की आईबापांना जे द्यायचे ते ‘देवाला अर्पण केले आहे’ असे म्हणून तुम्ही त्यांची जबाबदारी झटकता. दोन्ही वचने एकाच तोंडची आहेत आणि दोन्ही एकदम ऐकावी लागतात. नांगराचाच विषय निघाला म्हणून सांगते: अलीशा बारा जोड्यांनी शेत नांगरत असताना एलीया संदेष्ट्याने त्याला आपल्यामागे बोलावण्यासाठी त्याच्यावर झगा टाकला, तेव्हा आईबापांचा निरोप घेऊन येतो असे अलीशा म्हणाला, आणि एलीयाने त्याला जाऊ दिले.

या सगळ्यांपेक्षा मला तुमच्यासाठी जास्त मोलाचा वाटतो तो मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायातला प्रसंग. शिमोन आणि आंद्रिया जाळी टाकून येशूच्या मागे निघाले, हे आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत आलो. पण त्याच अध्यायात थोडे पुढे वाचा. जाळी सोडायला लावणारा येशू सभास्थानातून निघून त्याच शिमोनाच्या घरी जातो. तिथे शिमोनाची सासू तापाने पडलेली असते. लोक तिच्याविषयी त्याला सांगतात, तो जवळ जातो, तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. बोलावणाऱ्याने ज्याला बोलावले त्याच्या घरातल्या आजाऱ्याकडे पाठ फिरवली नाही. उलट अगदी सुरुवातीलाच तिच्या अंथरुणापाशी तो जाऊन उभा राहिला. पुढे पौल करिंथकरांस लिहितो त्यावरून दिसते की केफा, म्हणजे हाच शिमोन पेत्र, सेवेच्या प्रवासात आपल्या पत्नीला बरोबर नेत असे. म्हणजे जाळी सुटली, घर सुटले नाही. तुमच्या घरातही अंथरुणाला खिळलेली सासू आहे. तिच्या खोलीत पाऊल टाकताना आपण देवाच्या कामातून बाहेर पडतो असे तुम्हाला वाटते, तिथे मी थांबून विचार करायला सांगेन.

आता मात्र दुसऱ्या बाजूने बोलायला हवे, कारण एवढ्यावर थांबले तर हे पत्र तुमच्या घरी ‘बघ, बाईंनीही सांगितले, घर हेच तुझे पाचारण’ असे वाचून दाखवले जाईल. मला ते म्हणायचे नाही. बायकांना गप्प बसवण्यासाठी हे वाक्य मंडळ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. येशूच्या पायाशी बसून ऐकणाऱ्या मरीयेला स्वयंपाकघरात परत पाठवा, अशी मार्थेची मागणी होती, आणि ती येशूने मान्य केली नाही, हे विसरून कसे चालेल? पुरुषाला पाचारण झाले की घर आपोआप सांभाळले जाते, बाईला झाले की ‘घर कोण बघणार’ हा प्रश्न उभा राहतो. तुमच्या पतींचा प्रश्न खरा आहे, काळजीतून आलेला आहे. पण तो एकट्या तुम्हाला विचारण्याचा नाही. अंथरुणावर आहेत त्या त्यांच्या आई. ‘आपला बाप व आपली आई यांचा मान राख’ ही आज्ञा सुनेच्या आधी मुलाला आहे.

म्हणून पाचारणाचा निर्णय बाजूला ठेवून पहिले काम हे करा. एका कागदावर सासूबाईंचा एक दिवस लिहून काढा: सकाळचे तोंड धुणे, डायपर, अंग पुसणे, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, गोळ्या, रात्रीचे उठणे. प्रत्येकासमोर आज ते कोण करते त्याचे नाव लिहा. बहुतेक सगळ्या ओळींवर तुमचेच नाव येईल, आणि तुम्ही ड्यूटीवर असताना कदाचित दहावीतल्या मुलीचे. तो कागद पतींसमोर ठेवा. आगारातून आल्यावर रात्रीचे भरवणे आणि कूस बदलणे त्यांनी घ्यावे. सातवीतल्या मुलाला आजीचे पाणी-औषध पाहता येते आणि कणीकही मळता येते. हे काम बहिणीचेच असे त्याने याच वयात शिकू नये. काही तासांसाठी मावशी ठेवणे परवडत असेल तर ठेवा. देवाने तुम्हाला पुढे कुठेही नेले, अगदी कुठेच नेले नाही, तरी ही वाटणी व्हायला हवी. तुमच्या पत्रातला थकवा मला पाचारणाच्या ओढीइतकाच ठळक दिसला, आणि थकलेल्या माणसाला कधीकधी सुटकेची इच्छा देवाच्या हाकेसारखी ऐकू येते. तुमच्या बाबतीत तसेच आहे असे मी म्हणत नाही. पण ओझे वाटले गेल्यावरही ओढ तशीच राहिली, तर तिच्यावर तुम्हाला अधिक विश्वास ठेवता येईल.

पती दुखावले आहेत ते तुमच्या भक्तीमुळे नव्हे, आपल्याला बाहेरून कळले यामुळे. या बाबतीत आपल्याच इतिहासात एक मोठे उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. तो निर्णय त्यांच्या संसारावर कोसळला आणि दोघांना वेगळे राहावे लागले. लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ताकडे आल्या, पण आपल्या पायांनी, आपला विचार करून. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधली पाच वर्षे ही अविश्वासाची वर्षे होती असे मी मानत नाही. एका माणसाच्या हृदयात पोचलेली गोष्ट दुसऱ्याच्या हृदयात पोचायला तेवढा वेळ लागला. तुमच्या पतींनाही वेळ द्या. त्या रात्री काय वाटले ते त्यांना शांतपणे सांगा, निर्णय म्हणून नव्हे, आणि ‘देवाने सांगितले आहे’ या शब्दांनी सुरुवात करू नका, कारण त्या शब्दांपुढे समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही.

‘पूर्णवेळ’ या शब्दाविषयीही थोडे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे करिंथात तंबू तयार करण्याचा धंदा करत होते. पौलही त्यांच्याबरोबर तोच धंदा करत राहिला. याच प्रिस्किल्लेने नवऱ्यासोबत पुढे अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. लुदिया जांभळी वस्त्रे विकत होती आणि तिचे घर फिलिप्पैच्या विश्वासणाऱ्यांचे घर झाले. या बायका अर्धवेळ सेविका होत्या असे कुणी म्हणत नाही. आणि ज्यांनी खरोखर सर्वस्व दिले त्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. सभांमधून त्यांचे नाव ‘सगळे सोडले’ या एका वाक्यात घेतले जाते. प्रत्यक्षात १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांची लहानगी मुलगी मनोरमा त्यांच्याजवळ होती. मुंबईचे शारदा सदन निघाले १८८९ मध्ये, आणि केडगावला काम उभे राहिले ते १८९६–९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना आणल्यानंतर. मधली सगळी वर्षे शिकण्यात, प्रवासात, पैसे उभे करण्यात आणि माणसे जोडण्यात गेली. त्यांच्या पाचारणाला सुरुवातीपासून चेहरे होते: बालविधवांचे, उपाशी मुलींचे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छापखाना ही कामे बायका करत होत्या, आणि तेच तिथल्या सेवेचे रूप होते.

तुमच्या पाचारणाला चेहरा आहे का, असा माझा प्रश्न आहे, आणि म्हणून त्या एका ओळीकडे परत येते. तुम्ही लिहिता: पहाटे तीनच्या सुमारास सलाईन बदलून तुम्ही वळता, बाळ कापडात गुंडाळून पाळण्यात ठेवलेले असते, आजी रुसून व्हरांड्यात बसलेली असते, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. ‘सिस्टर, थोडं बसा’ म्हणते. भगिनी, गावोगावच्या सभांना वक्ते मिळतील. त्या खाटेपाशी, त्या वेळी, त्या बाईने ज्यांना बसायला सांगितले, त्या एकट्या तुम्ही आहात. तिथे काय बोलावे हे सुचत नाही म्हणता, ते शिकता येते. तिला उपदेश नको असतो. पाच मिनिटे तिचे ऐका, बाळाला तिच्या छातीशी द्या, बाळाला नाव काय ठेवणार ते विचारा. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे व्हरांड्यातल्या आजीला आणि सकाळी येणाऱ्या नवऱ्याला परिचारिकेच्या अधिकाराने सांगा. मंचावरच्या वक्त्यापेक्षा त्या गणवेशातल्या बाईचे ते ऐकतील. आणि तिचे रडणे, झोप उडणे, बाळाकडे न पाहणे दोन आठवड्यांपलीकडे टिकले तर ते दुखणे आहे, त्याला डॉक्टर लागतो, हे घरच्यांना बजावून ठेवा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगते. वॉर्ड ही प्रचाराची जागा नाही. खाटेवरचे माणूस असहाय असते, तुमच्या हातून सुई घेत असते, आणि अशा वेळी ते तुम्हाला ‘नको’ म्हणू शकत नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला अर्थ नसतो. कुणी आपणहून प्रार्थना करायला सांगितले तर हळू आवाजात करा. नाही सांगितले तर घरी जाऊन तिचे नाव घेऊन करा. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले तेव्हा परत एकच आला, म्हणून उरलेल्या नऊ जणांचा रोग काही त्याने परत आणला नाही.

तुमच्यासमोर आता तीन वाटा आहेत. जूनमध्ये राजीनामा देणे ही पहिली. तिच्याविषयी माझे मत स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. बुरूज बांधायला बसलेल्याने आधी खर्चाचा हिशोब करावा असे प्रभूनेच सांगितले आहे, आणि तुमच्याजवळ हिशोबच नाही: मानधन किती, कुणाकडून, लेखी की तोंडी, आजारपणात काय, संस्था नोंदणीकृत आहे का, तिचे लेखे कुणी तपासतो का, बायकांच्या मुक्कामाची सोय काय. यातला प्रत्येक प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि विचारल्यावर जी संस्था चिडते तिथे जाऊ नये. सगळे विसरून ‘मुले मोठी झाली की बघू’ म्हणणे ही दुसरी वाट. तीही मला पटत नाही, कारण त्या ‘बघू’ मध्ये कितीतरी बायकांची देणगी पुरली गेलेली मी पाहिली आहे.

तिसरी वाट म्हणजे पारख करण्याची, आणि ती मंडळीची जुनी, मान्य वाट आहे. कॅथलिक संन्यासिनींच्या संघात शिरणाऱ्या मुलीला किमान एक वर्ष नवशिक्यांच्या घरात काढावे लागते, मग किमान तीन वर्षे तात्पुरती व्रते, आणि त्यानंतरच आजन्म व्रते. इतकी जुनी मंडळी पाचारणाला इतकी वर्षे देते, तर तुम्हाला जूनपर्यंतचीच मुदत का? तुम्ही पुढच्या जूनपर्यंतचा काळ घ्या. मुलीची दहावीची परीक्षा त्यात पार पडेल. आपल्या पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भेटा, आणि मंडळीतली एक वडीलधारी, कमी बोलणारी बाई निवडा, जिला महिन्यातून एकदा मोकळेपणाने सगळे सांगता येईल. शिकण्याची ओढ असेल तर बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचे ईश्वरविज्ञानाचे बाह्य अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतात, आणि ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडियाची परिचारिकांसाठी स्वतंत्र शाखा आहे, तिच्याकडेही चौकशी करा. महिला मंडळात बाळंतिणींच्या भेटीचा विषय मांडा. रुग्णालयातून घरी गेलेल्या बाईकडे, तिने येऊ दिले तर, दोघीजणींनी दुसऱ्या आठवड्यात जाऊन यावे. वर्षभरात त्या कामाने तुम्हाला आणखी आत ओढले, पतींच्या बोलण्यात बदल झाला, मंडळीनेही तुमच्यातली देणगी ओळखली, तर नोकरी सोडण्याचा प्रश्न तेव्हा पुन्हा उघडा. तेव्हा उत्तर ‘हो’ येऊ शकते, आणि तसे आले तर मी तुम्हाला अडवणार नाही.

अशाच प्रश्नाची पत्रे मला अविवाहित मुलींकडूनही येतात, आणि वरचे सगळे त्यांनी जसेच्या तसे घेऊ नये. ज्या मुलीला धर्मभगिनी व्हायचे आहे किंवा ईश्वरविज्ञान शिकायचे आहे, तिला ‘आधी लग्न कर, मग सेवा कर’ म्हणणारे आईवडील प्रेमानेच बोलत असले तरी त्यांचे म्हणणे म्हणजे देवाचे म्हणणे नव्हे. तिनेही पारखीचा काळ जरूर घ्यावा, पण स्थळे पाहण्यात तो वाया जाऊ देऊ नये. आणि नवरा नाकर्ता किंवा मारहाण करणारा असलेल्या बाईने ‘घरात राहणे हेच पाचारण’ असे कुणाचेही ऐकू नये. तिचा पहिला प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि त्यासाठी तिने वेगळे लिहावे.

राहिली तुमची प्रार्थना. काही दिवस ‘मी जाऊ की नको’ हे देवाला विचारणे थांबवा. त्या प्रश्नाने प्रार्थनेची सगळी जागा अडवली आहे. ड्यूटीवरून आल्यावर, त्या रात्री जिने बसायला सांगितले तिचे नाव घ्या, सासूबाईंचे घ्या, पतींचे घ्या. एलीयाला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही, शांत मंद वाणीत भेटला. आणि तेव्हा एलीया थकून, झोपून, देवदूताने दिलेली भाकरी खाऊन पुढे चाललेला होता. त्यामुळे आधी झोपा. रात्रपाळीनंतर उपवास धरू नका.

संस्थेचा फोन पुन्हा येईल. तो पतींसमोर घ्या आणि सांगा की तुम्ही जूनमध्ये येत नाही, वर्षभर आपल्या मंडळीच्या देखरेखीखाली विचार करणार आहात, आणि काही सांगायचे असेल तर त्यांनी तुमच्या पाळकांना पत्र लिहावे. त्यावर त्यांनी पुन्हा योनाचे नाव घेतले तर वाद घालू नका, फोन ठेवा, आणि झालेले बोलणे त्याच दिवशी पाळकांच्या कानावर घाला.